माझी दातखीळ

मराठी शिकवणाऱ्या माणसाचे सारे भांडवल म्हणजे त्याचे तोंड. गणिताच्या प्राध्यापकाला फळ्याकडे तोंड करून तास काढता येतो. रसायनशास्त्राच्या माणसाला परीक्षानळ्यांचा आधार असतो. आमच्याजवळ शब्दांखेरीज काही नाही, आणि ते तोंडातूनच बाहेर यावे लागतात. म्हणून गेल्या वर्षी श्रावणातल्या एका सोमवारी सकाळी दात घासण्याचा ब्रश तोंडात शिरेना, तेव्हा माझ्या पोटात गोळाच आला.

आदल्या रात्रीपर्यंत सारे ठीक होते. अगदी ठीक असे म्हणता येणार नाही. गेली आठदहा वर्षे जांभई देताना किंवा मोठा घास घेताना उजव्या कानापाशी ‘कट्’ असा आवाज व्हायचा, बोट मोडल्यासारखा. घरात त्याची थट्टा होई. “आईचं दार करकरलं,” असे माझा मुलगा म्हणे. त्या सकाळी मात्र आवाज नाहीसा झाला होता आणि त्याच्याबरोबर माझे अर्धे तोंडही. आरशात पाहिले, तर कसाबसा दीड बोटाचा आ होत होता आणि तोही सरळ नाही. हनुवटी उजवीकडे ओढली जात होती.

‘दातखीळ बसणे’ हा वाक्प्रचार मी वीस वर्षे मुलांना शिकवत आले आहे. भीतीने तोंडातून शब्द न फुटणे, असा अर्थ सांगायचा आणि पुढच्या वाक्प्रचाराकडे वळायचे. वाक्प्रचारांच्या पोटी खरीखुरी दुखणी असतात, हे तेव्हा ध्यानात येत नाही. त्या दिवशी पहिलाच तास भाषाविज्ञानाचा होता, आणि दैवाचा खोडकरपणा असा की विषय होता स्वरांचे उच्चार. ‘आ’ हा विवृत स्वर. तो उच्चारताना जबडा चांगला खाली येतो, हे मला दाखवायचे होते. मी जो ‘आ’ काढला तो ‘अ’ आणि ‘ए’ यांच्या मधला कुठला तरी निघाला. मागच्या बाकांवर खसखस पिकली. एरवी मी चार शब्द सुनावले असते, पण सुनावण्यासाठीही तोंड उघडावे लागते.

आमच्या साताऱ्याच्या घरच्या डॉक्टरांनी आधी विचारले, “खिळा-पत्रा काही लागलं होतं का हो बाई?” धनुर्वातात दातखीळ बसते, म्हणून हा प्रश्न, आणि तो विचारायलाच हवा होता. तसे काही नव्हते. कान ठणकत होता म्हणून त्यांनी कानाच्या डॉक्टरांकडे धाडले. त्यांनी दोन्ही कान पाहून “कान लख्ख आहेत, दातांकडे जा,” असे सांगितले. दातांच्या डॉक्टरांना वरची उजवी अक्कलदाढ वाकडी दिसली. त्यांनी ती मोठ्या शर्थीने माझ्या दीड बोटाच्या फटीतून ओढून काढली. अक्कल गेली, दुखणे राहिले. आणखी एका गृहस्थांनी तर तोंडात न पाहताच निदान केले. “तुम्हां बायकांना ताण फार. मनाला लावून घेत जाऊ नका.” ताण होता हे खरे. पण दीड बोट तोंडाने जगायचे म्हटल्यावर त्यांना स्वतःला ताण आला नसता का, हे विचारायचे राहून गेले.

गौरीगणपतीत घरात पुरणपोळ्या झाल्या आणि मी मऊ भात कालवून खाल्ला. सकाळी उठले की कानशिले दगडासारखी. तासाला चाळीस मिनिटे झाली की गालात कळ येई. मुले वहीत काही लिहीत बसतील असे काम द्यायचे आणि आपण गाल धरून खिडकीपाशी उभे राहायचे, अशी सवय लागली. आणखी पंधरा वर्षे नोकरी आहे. ती अशी कशी निभावणार, हा प्रश्न रात्री झोपू देईना.

शेवटी पुण्याला एका नावाजलेल्या दवाखान्यात गेले. काचेची दारे, गार हवा आणि भिंतीवरच्या पडद्यावर माझे दात एवढाले मोठे. तिथले डॉक्टर गोड बोलणारे होते. त्यांनी समजावले, की माझ्या दाढा झिजून बुटक्या झाल्या आहेत. त्यामुळे दात मिटले की जबडा जास्त वर जातो आणि सांध्यावर दाब पडतो. उपाय एकच. मागचे बारा दात चोहोबाजूंनी घासायचे, त्यांवर उंच कॅप बसवायच्या आणि जबड्याला त्याची खरी पातळी मिळवून द्यायची. एका कॅपला नऊ हजार, बाराचे एक लाख आठ हजार रुपये. हिशेब छापून हातात दिला. उशीर केला तर सांधा झिजत जाईल, असेही बजावले. त्या बारांपैकी एकही दात दुखत नव्हता की किडलेला नव्हता. पण पडद्यावर रेघा ओढून दाखवल्या की माणसाला सारे पटते. मनातल्या मनात मी आईच्या पाटल्या मोडूनही टाकल्या होत्या.

मुक्काम नारायण पेठेत अक्काकडे होता. अक्का माझ्याहून नऊ वर्षांनी मोठी. तिने माझ्यासाठी मऊ उपमा केला, कागद वाचला, चष्मा काढून ठेवला आणि म्हणाली, “हे माझंच बिल आहे गं. आकडा तेवढा वाढलाय.”

आम्ही बहिणी एकमेकींपासून काही लपवत नाही, अशी माझी समजूत होती. चौदा वर्षांपूर्वी तिलाही असाच त्रास झाला होता, हे मला पुसट आठवत होते. पुढचे ठाऊक नव्हते. तिच्याही मागच्या दातांवर अशाच कॅपा बसवल्या होत्या. पहिला महिना बरा गेला. मग चावताना दात एकमेकांना ओळखीनात. पाच वेळा घासून पातळी जुळवली. दोन कॅपा काढून पुन्हा केल्या. घासलेल्यांपैकी तीन दातांच्या नसा दुखावल्या, म्हणून रूट कॅनाल झाले.

“आणि मूळचं दुखणं?” मी विचारले.

“ते दोनेक वर्षांनी आपलं आपणच गेलं. दात तेवढे गेले.”

“मग बोलली का नाहीस?”

“एवढे पैसे घातल्यावर अजून दुखतंय, असं कोणत्या तोंडानं सांगायचं? ह्यांनी कर्ज काढलं होतं.” थोडा वेळ गप्प राहून ती म्हणाली, “आता दुखत नाही. पण तोंडात भाड्याच्या घरात राहिल्यासारखं वाटतं. जीभ दिवसभर जुनं घर शोधत असते.”

त्या मंगळवारची माझी वेळ मी रद्द केली.

अक्काच्या डॉक्टरांनी किंवा माझ्या डॉक्टरांनी लबाडी केली असे मी म्हणणार नाही. ज्यावर त्यांची श्रद्धा होती ते त्यांनी सांगितले. ती श्रद्धा आली कुठून, हे मी मागाहून शोधले, कारण शब्दाची व्युत्पत्ती पाहिल्याखेरीज चैन पडू नये, ही आमच्या विषयाची खोड. अमेरिकेतल्या सेंट लुइस शहरात जेम्स कॉस्टेन नावाचे कान-नाक-घशाचे डॉक्टर होते. १९३४ साली त्यांनी एक लेख लिहिला. कान ठणकणे, कानात आवाज होणे, चक्कर येणे, यांचे मूळ मागचे दात पडून जबडा जास्त मिटण्यात आहे, असे त्यात मांडले होते. रोग जर दातांच्या उंचीत, तर इलाजही उंची वाढवण्यात, असे समीकरण तिथून जमले. सांध्याचे दुखणे दंतवैद्यांच्या ओसरीवर आले ते तेव्हापासून. कॉस्टेन सांगत होते तसा दाब तिथल्या नसांवर पडूच शकत नाही, हे शरीररचनेच्या अभ्यासकांनी पुढे दाखवून दिले. तोवर उंचीची कल्पना रुजली होती. एकदा रूढ झालेली चुकीची व्युत्पत्ती मरता मरत नाही, याचा अनुभव मला आहेच.

बारावीला माझ्याकडे मराठी शिकलेली एक मुलगी आता मुंबईला दंतवैद्यक शिकते. तिला फोन केला. ती म्हणाली, “बाई, सरकारी दंत महाविद्यालयात या. मुखवैद्यक विभागात. आमच्याकडे कॅपा विकायची घाई कुणाला नसते.”

सकाळी साडेआठला रांगेत उभी राहिले. माझ्यापुढे विशीतला एक मुलगा होता. त्याच्याही तोंडात एक बोट जेमतेम शिरत होते, पण त्याचे कारण वेगळे. सुपारी आणि गुटखा. त्याने तोंडाच्या आतले अस्तरच ताठ आणि पांढरट पडते, जबड्याचा सांधा बिचारा निर्दोष असतो, आणि हा रोग पुढे कर्करोगाकडे जाऊ शकतो. महाराष्ट्रात गुटख्यावर २०१२ मध्ये बंदी आली, आणि तरी तो मुलगा माझ्यापुढे रांगेत होता. “आई म्हणते, तिखट लागतंय म्हणून कुरकुरतोय,” असे सांगून तो हसला. हसणेही त्याला अर्धेच जमले. माझ्या दीड बोटाची तक्रार मला त्या क्षणी जरा लहान वाटली.

डॉक्टर तिशीच्या बाई होत्या. त्यांनी सुपारीबद्दल मलाही विचारले. मग एक साधी मोजपट्टी काढून वरच्या-खालच्या पुढच्या दातांमधले अंतर मोजले. सव्वीस मिलिमीटर. मोठ्या माणसाचे साधारण चाळीस ते पन्नास असते. आपलीच तीन बोटे उभी तोंडात शिरली की समजायचे, ठीक आहे. गाल, कानशिले, मानेचे स्नायू दाबून पाहिले. गालाच्या एका जागी बोट पडताच मी कळवळले. मग अचानक त्यांनी विचारले, “बाई, आत्ता तुमचे दात एकमेकांवर टेकलेत का?”

टेकले होते. घट्ट.

“का? काही खाताय का?”

दात हे दिवसाचे चोवीस तास एकमेकांना भेटण्यासाठी नसतात, हे मला पंचेचाळिसाव्या वर्षी कळले. खाणे आणि गिळणे धरून त्यांची भेट दिवसात वीसेक मिनिटांची. बाकीचा वेळ ओठ मिटलेले, दात सुटे. मी मात्र पेपर तपासताना, भाजी चिरताना, एसटीची वाट पाहताना, सदोदित दात आवळून बसलेली. ‘दातओठ खाणे’ हे रागाचे लक्षण म्हणून शिकवायचे आणि स्वतः राग नसताना खायचे.

सांधा कसा चालतो हे त्यांनी समजावले ते मी माझ्या शब्दांत सांगते. कानाच्या अगदी पुढे बोट ठेवून तोंड उघडा, म्हणजे काही तरी पुढे सरकलेले हाताला लागेल. तोच तो सांधा. नुसत्या बिजागरीवर तो चालत नाही. तोंड उघडू लागताच आधी तो दारासारखा फिरतो, मग टेबलाच्या खणासारखा पुढे सरकतो. डावा-उजवा दोन्ही मिळून एकच हाड हलवतात, म्हणून एकाने दगा दिला की जबडा वाकडा चालतो. हाडाचे डोके आणि कवटी यांच्यामध्ये एक छोटी चिवट चकती असते, उतरंडीतल्या चुंबळीसारखी. ती जरा पुढे घसरली, की तोंड उघडताना हाडाचे डोके टुणकन तिच्यावर चढते. तो ‘कट्’. नुसता आवाज होत असेल, दुखत नसेल, तोंड पुरे उघडत असेल, तर त्याला काही करू नये. माझी चकती एके रात्री पुढे जाऊन बसली ती मागे येईना. खण अडकला.

“मग एमआरआय करून पाहू या?” मी विचारले. दवाखान्यांत हिंडून माणसाला असले शब्द येतात.

“सध्या नको. ज्यांना काहीच दुखत नाही अशांचे एमआरआय काढले तरी तिघांतल्या जवळजवळ एकाची चकती सरकलेली दिसते. चित्रावर इलाज करायचा नसतो.”

मी पुण्याचा कागद पुढे केला. त्यांनी तो वाचून घडी घालून परत दिला. रागावल्या नाहीत, पण एक हकीकत सांगितली. १९७६ साली अमेरिकेत गुडमन, ग्रीन आणि लास्किन या तिघांनी अशाच दुखण्याच्या पंचवीस रोग्यांना खुर्चीत बसवून दात घासून पातळी जुळवण्याचे नुसते नाटक केले. यंत्राचा आवाज खरा, घासणे खोटे. दातांचा कणही गेला नाही. दोन बैठकींनंतर पंचवीसपैकी सोळा जणांना पूर्ण किंवा जवळजवळ पूर्ण आराम वाटला. म्हणजे खरेच घासून आराम पडतो तेव्हा त्यातला किती वाटा घासण्याचा, किती धीर देण्याचा आणि किती नुसत्या दिवस जाण्याचा, हे कोण सांगणार? हे दुखणे बहुतेकांच्या बाबतीत चढते-उतरते आणि पुष्कळदा साध्या उपायांनी निवळते. उतरणीला लागले असताना जो हाताशी असेल त्याला यश मिळते.

शस्त्रक्रियेचाही असाच एक कटू इतिहास आहे. १९८०च्या दशकात अमेरिकेत पुष्कळ रोग्यांची चकती काढून तिच्या जागी टेफ्लॉन असलेला कृत्रिम तुकडा बसवला गेला. जबड्याच्या दाबाने त्याचे कण सुटले, आणि शरीराने त्या कणांशी मांडलेल्या भांडणात आजूबाजूचे हाड खाल्ले गेले. १९९० मध्ये ते तुकडे परत मागवण्याची पाळी आली. आज खरोखर गरज असलेल्यांसाठी सांध्याच्या शस्त्रक्रिया आहेत आणि त्या अधिक जपून होतात. अमेरिकेतल्या दंतसंशोधकांच्या संघटनेने २०१० मध्ये स्पष्ट लिहिले, की विशेष कारण नसेल तर आधी उलटवता येतील असेच उपचार करावेत. २०२३च्या अखेरीस ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये आंतरराष्ट्रीय मंडळींचे मार्गदर्शन आले. त्यातही जुनाट दुखण्यासाठी जबड्याचे व्यायाम, हाताने करायचे उपचार आणि मन निवळवण्याच्या पद्धती यांना वरचे पान दिले आहे. अक्काच्या त्या एका वाक्याला शास्त्राने एवढी वर्षे घेतली.

माझा इलाज ऐकून तुम्ही निराश व्हाल. दोन आठवडे मऊ अन्न, पण नुसते पातळ नव्हे. घास लहान. दिवसातून तीनदा गालांना ओला शेक. थोडे दिवस दुखणे कमी करणारी गोळी. जांभई आली की हनुवटीखाली मूठ. मग व्यायाम. बोटांनी खालचे-वरचे दात हलकेच दूर करायचे, दहापर्यंत मोजायचे, सोडायचे. रात्रीसाठी वरच्या सगळ्या दातांवर बसणारी, कडक प्लॅस्टिकची सपाट पारदर्शक पट्टी. ती देतानाही बाईंनी फुशारकी मारली नाही. “हिचा उपयोग सगळ्यांना सारखा होत नाही. तीन महिने बघू. पण ही काढून ठेवता येते. नाही मानवली, तर तुमचे दात होते तिथेच आहेत.” मात्र अशी पट्टी थोड्याच दातांवर बसणारी असेल आणि रात्रंदिवस घातली, तर दात सरकतात, हेही सांगितले. पट्टीला दोन हजारही लागले नाहीत.

आणि जिभेची जागा. दात सुटे ठेवायचे तर जिभेने कुठे राहायचे? “बाई, ‘न’ म्हणा,” डॉक्टर म्हणाल्या. मी ‘न’ म्हटले. “जीभ जिथे टेकली तिथेच राहू द्या. दिवसभर.” मी वर्गात वर्षानुवर्षे सांगत आले, की ‘न’ म्हणताना जिभेचे टोक वरच्या दातांमागच्या उंचवट्याला लागते. त्या जागी जीभ राहिली की दात सुटे ठेवणे सोपे जाते, हे काही कुठल्या व्याकरणात लिहिलेले नाही. मी पेपरांच्या गठ्ठ्यावर, देवघरापाशी आणि फ्रिजवर चिकटपट्टीने ‘न’ चिकटवले. मुलगा म्हणाला, “आई, नकारघंटा लावलीस की काय?”

एक गोष्ट इथेच सांगून टाकते, नाही तर कुणी सगळेच दुखणे शेकत बसेल. मार लागल्यावर जबडा दुखू लागला, ताप किंवा सूज आली, गाल बधिर झाला, चालताना-चढताना जबड्यात कळ येऊन थांबल्यावर गेली, किंवा पन्नाशीनंतर नव्यानेच डोके दुखू लागून चावताना जबडा भरून येऊ लागला, तर वाट पाहू नये. त्या वेगळ्या आणि घाईच्या गोष्टी आहेत.

दिवाळीपर्यंत चौतीस मिलिमीटर झाले. संक्रांतीला एकोणचाळीस. चकती जागेवर परत गेलेली नाही, ‘कट्’ आवाजही परत आलेला नाही. तिच्या मागचा मऊ भाग हळूहळू चिवट होऊन तेच काम करू लागतो, असे डॉक्टर म्हणाल्या. परीक्षेच्या दिवसांत अजून गाल भरून येतो. चकली मी मोडून, दह्यात बुडवून खाते, आणि काट्याची चकली अशी खाणारीबद्दल आमच्या सासूबाईंचे काय मत आहे ते इथे लिहीत नाही. पण जूनमध्ये स्वरांचा तास पुन्हा घेतला आणि ‘आ’ अगदी पुस्तकातल्यासारखा निघाला.

भाद्रपदात तपासणीला गेले तेव्हा अक्काला बरोबर नेले. ती येत नव्हती. “माझं आता काय व्हायचंय?” म्हणत होती. त्याच बाईंनी तिला पाऊण तास दिला. मोजले, दाबले, कॅपा पाहिल्या. चौदा-पंधरा वर्षांत कुणी विचारले नव्हते ते सारे विचारले. अक्का आधी तुटक उत्तरे देत होती. मग ते भाड्याच्या घराचे बोलली. बाई हसल्या नाहीत. त्यांनी ते लिहून घेतले. दाताची जाणीवच बदललेले असे रोगी असतात, त्याला वैद्यकात नावही आहे, असे त्या म्हणाल्या. आणि त्यावरचा पहिला उपचार म्हणजे आता यापुढे कुणालाही त्या कॅपांना कानस लावू न देणे.

“म्हणजे माझ्या मनाचे खेळ नाहीत ना?” अक्काने विचारले.

“नाहीत.”

परतीच्या एसटीत ती खिडकीशी बसली होती. लोणावळ्याच्या पुढे पाऊस लागला. मी काही तरी विचारायला वळले तर ती झोपली होती, ओठ मिटलेले, गाल सैल. जीभ ‘न’वर होती की नाही ते काही मला दिसले नाही.